आशाताईंच्या घरभेटी (एचबीएनसी): माहेरी बाळंतपण झालेल्या आईचा रिव्ह्यू

आमच्या माहेरच्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, पैकीच्या पैकी मार्क. पण ज्या कार्यक्रमातून त्या येतात त्याला मी तेवढे देणार नाही, आणि का ते नीट लिहिते कारण बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीला हे कामाला येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचबीएनसी म्हणजे नवजात बाळाची घरी येऊन घेतलेली काळजी, 2011 पासून देशभर आशांकडे असलेलं काम. दवाखान्यात डिलिव्हरी झाली तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट, घरीच झाली तर पहिल्या दिवशीची एक जास्तीची. आपल्याला एक पैसा लागत नाही.

माझं बाळ 2 किलो 100 ग्रॅमचं, म्हणजे अडीच किलोच्या आतलं. सातव्या दिवशी ताई आल्या, हात धुतले, बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, मधे कोणाला बोलू दिलं नाही. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका असतो, आमचे कमी होते. मग हाताच्या मागच्या बाजूने पोट बघितलं, तळपाय बघितले. पोट कोमट आणि तळपाय गार. खोलीत शेगडी, खिडक्या बंद, आम्ही सगळे घामाघूम आणि बाळ मात्र आंघोळ घालून गार पडत चाललेलं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

आजी म्हणाली, "आमची पाच पोरं शेगडीवरच वाढली." ताई वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाढवलीत ना आजी, पण हे दोन किलोचं आहे, याच्या अंगावर चरबीच नाही, धुराने याची छाती भरेल. याला आईच्या अंगाची ऊब पाहिजे. तुम्ही टोपडं आणि मोजे बघा बरं." बाळाला उघड्या अंगाने माझ्या छातीशी धरायला लावलं, वरून आम्हा दोघांना दुपट्यात गुंडाळलं, आणि वजन वाढेपर्यंत आंघोळ बंद, नुसतं पुसून घ्यायचं. टोपड्याचं काम मिळाल्यावर आजी पण त्यांच्या बाजूला गेली.

संध्याकाळी परत डोकावून गेल्या, तळपाय बघायला. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची भेट तीच, आणि फॉर्मवर तिला रकानाच नाही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला मिळतात 250 रुपये, ते पण मूळ नियमात वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी आणि बेचाळीस दिवस आई-बाळ सुखरूप असेल तर. म्हणजे जिथे बाळ दगावलं, जिथे बिचारी सगळ्यात जास्त धावली, तिथेच पैसे अडणार. हे मला अजिबात पटत नाही. मानधनासाठी 2024 च्या सुरुवातीला आशाताई मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसल्या होत्या ते उगाच नाही.

दुसरी अडचण माहेर-सासरची. नाव नोंदलं सासरच्या उपकेंद्रात, नऊ महिने सासरच्या आशाने सांभाळलं, डिलिव्हरी झाली माहेरी. इथल्या ताईंना कळलं ते माझ्या आईने सांगितलं म्हणून. आणि सव्वा महिना झाला की आपण सासरी परत, मग 42 व्या दिवसाची भेट नेमकी कोणी करायची? दोन्ही गावांच्या कागदावर आपण अर्धे-अर्धे.

हा कार्यक्रम आला कुठून तर आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण तिथे आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन पण द्यायच्या आणि वरून तपासायला, शिकवायला माणूस नियमित यायचा. देशभर नेताना आशाच्या हातातून इंजेक्शन गेलं, सोबत दुनियाभरचे सर्व्हे आले, आणि आशांवर देखरेख करणाऱ्या एका गटप्रवर्तक ताईंकडे वीसेक आशा. मग वर रिपोर्टला जातं काय, तर किती टक्के भेटी झाल्या. भेटीत श्वास मोजले का, बाळ दूध नीट ओढतंय का ते बघितलं का, हे आईला कोण विचारतं? मला तरी कोणी विचारलं नाही. कार्यक्रम चांगला चाललाय की नाही हे ठरवायचं तर हेच विचारायला पाहिजे, दार वाजवल्याची नुसती टिकमार्क करून काय कळणार.

सामानाचं पण बघा, थर्मामीटरचा सेल गेलेला, ताईंनी स्वतःच्या पैशाने आणला.

माहेरी जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा, जायच्या आधीच दोन्ही गावच्या आशांचा एकमेकींशी फोन लावून द्या, आणि ताई आल्यावर "बाळ झोपलंय, नंतर या" असं बिलकुल म्हणू नका, श्वास शांत बाळाचेच नीट मोजता येतात. त्यांचा काटा बिघडला असेल तर अंगणवाडीत असतो, तिथून आणून वजन करायला सांगा. पुढे 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात पण घरभेटी असतात, त्या सासरच्या आशाकडे येतील, तिला आधीच सांगून ठेवा.