मंदीत माणसं शिकवायची, पण कुठे? बाहेरच्या कोर्सला की आपल्याच मशीनवर?

ऑर्डरी आटल्या की माणसं कमी करायचा विचार आधी येतो. त्यावर मी बोलत नाही, कारण तयार ऑपरेटर एकदा सोडला की काम वाढल्यावर परत मिळत नाही, हे मरोळच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. शिकवायचं ठरलं तर कुठे, एवढाच प्रश्न. मी दोन्ही करून पाहिलंय.

2019 साली गाड्यांचा बाजार बसला. त्या ऑगस्टात प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली आणि आम्ही सुटे भाग करणारे दोन शिफ्टवरून एकीवर आलो. टर्निंगच्या, म्हणजे लेथवरच्या, दोन पोरांना मी सहा आठवड्यांच्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) कोर्सला पाठवलं. फी भरली, पगार चालू ठेवला. शिकवणं चांगलं होतं, हे मनापासून सांगतो. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) वाचणं, फीड-स्पीडचा (टूल किती वेगात सरकवायचं, जॉब किती वेगात फिरवायचा याचा) हिशेब, हे आमच्याकडे कुणी इतकं नीट समजावलं नसतं.

खटकलं ते एकच, पण फार खटकलं. तिथली लेथ सिमेन्स कंट्रोलची, आमची फॅनुकची. कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा संगणक, आणि ह्या तो बनवणाऱ्या दोन कंपन्या. आमच्याकडे प्रोग्राममधला जी71 हा कोड म्हणजे रफिंगची, जादा धातू आधी काढून टाकायची, सायकल. सिमेन्सवर जी71 म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये आहेत, एवढंच. रफिंगचं सगळं वेगळं. परत आल्यावर पहिल्याच प्रोग्रामला पोरगा अडला. एक हात फीडच्या नॉबवर, दुसऱ्यात वही, आणि वहीतलं पडद्यावर लागू होईना. संध्याकाळी म्हणाला, "शेठ, मला येतंय, पण ह्या मशीनवर येत नाही." आणि ते सहा आठवडे हेच मशीन ताडपत्री घालून बंद होतं.

2020 मध्ये टाळेबंदी उठल्यावर काम पुन्हा तुटपुंजं होतं. या वेळी एका निवृत्त सेटरकाकांना, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, रोजावर बोलावलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. नायलॉनच्या उरलेल्या तुकड्यांवर काम, म्हणजे कट चुकला तरी माल वाया जायची धास्ती नाही. प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ. पुढच्या ओळीला टूल कुठे जाणार ते पोराने आधी बोलून दाखवायचं, मगच काका बटण दाबू द्यायचे. घड्याळ लावून मोजलं नाही, पण दोन-अडीच महिन्यांत जॉब बदलताना सेटरची वाट बघत उभं राहणं थांबलं.

काकांना 'का' समजावता यायचं नाही, 'असंच करायचं' एवढंच उत्तर. अर्जंट काम आलं की शुक्रवार बुडायचा.

तुमच्याकडे चार तऱ्हेचे कंट्रोल असतील, तर कदाचित बाहेरचा कोर्सच बरा पडेल. अगदी नवा मुलगा घ्यायचा असेल, तर शिकाऊ उमेदवारांची सरकारी योजना बघा. विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकार उचलतं. पण जुन्या ऑपरेटरला मी आता बाहेर पाठवणार नाही. काम भरात असताना मशीन दोन तास शिकण्यासाठी थांबवायची छाती माझी तरी होत नाही. ते तास मंदीतच मिळतात.

पाठवायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी स्वतः जाऊन तिथल्या मशीनचा पडदा बघून या. फोनवर 'सगळे कंट्रोल शिकवतो' असं सांगतात. मलाही तसंच सांगितलं होतं.