हजार रुपयांचं राखेचं पोतं

गेल्या उन्हाळ्यात अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी बांधली. काम मालासकट दिलेलं, कंत्राटदार ओळखीचाच. तो म्हणाला, “काका, काँक्रीटमध्ये मायक्रोसिलिका घालू. थेंब पाझरायचा नाही. आणि ताकद एवढी येते की घनमीटरमागे सिमेंटचं एक पोतं कमी केलं तरी चालतं.” २५ किलोचं पोतं १,००० रुपयांना. अशा १० पोत्यांचे पैसे मी वरून मोजले.

खरं तर सगळं डोळ्यांसमोर होतं. मायक्रोसिलिका म्हणजे फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातून पकडलेली भुकटी. कण सिमेंटच्या शंभरपट बारीक, आणि वजनाला इतकी हलकी की तिचं २५ किलोचं पोतं ५० किलो सिमेंटच्या पोत्याएवढं तरी फुगतं. माझी पोती चांगलीच बुटकी होती. त्यात गवंडी म्हणाला, “माल लोण्यासारखा सरकतोय, पाणीपण कमी लागतंय.” मी खूश! अहो, खरी सिलिका पाणी पिते, माल चिकट करते, सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे माल सरकता करणारं रसायन, घातल्याशिवाय तो नीट हलत नाही. त्याचा कॅन साइटवर मी एकदाही पाहिला नाही.

टाकी भरली, तर रात्रीतून चार बोटं पाणी उतरायला लागलं.

उरलेल्या पोत्यातला नमुना लॅबला दिला. सिलिका ५८ टक्के. आयएस १५३८८ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ८५ हवी. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३१ टक्के माल उरला. १० च्या वर उरता कामा नये. थोडक्यात, वीज केंद्रात कोळसा जळून उरणारी राख, फ्लाय ॲश. ती काही वाईट नाही, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के असतेच. पण म्हणजे सिमेंटच्या पोत्यात आधीच असलेली राख मी पुन्हा ४० रुपये किलोने घेतली, आणि वाचलेल्या ९ पोती सिमेंटचे पैसे कंत्राटदाराच्या खिशात गेले.

तुम्ही घेणार असाल तर पोतं फोडण्याआधी बॅच नंबर पाहा आणि त्याच बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडून ताकद बघा. एवढ्याशा टाकीला कशाला क्यूब, असं मीच म्हणालो होतो.

रिपोर्ट घेऊन कंत्राटदाराकडे गेलो. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, “५८ टक्के आहे ना काका? मग सिलिकाच की ती.”