गॅलरीच्या बीमसाठी स्टॅड प्रो
दारव्ह्याला मी घरांची डिझाइनं करतो. इकडे ज्याला त्याला रस्त्याकडे गॅलरी पुढे काढून हवी असते, म्हणून स्टॅड प्रो हे बांधकामावरच्या भारांचं गणित करणारं सॉफ्टवेअर मला फार कामाचं वाटतं. परवाचंच घर घ्या. मागचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, 3 मीटर, पुढे 1.5 मीटर कॅंटिलिव्हर, म्हणजे टोकाला आधार नसलेला भाग, अन् त्याच्या टोकाला 10 किलोन्यूटन भार. बीमचं वजन न धरता मागच्या टेकूवर उणे 5 किलोन्यूटन आलं, म्हणजे बीम तिथून उचलला जातोय. हातानं ताडून पाहिलं, तंतोतंत. गॅलरी भरलेली अन् मागची खोली रिकामी, ही लोड केस (भाराची स्थिती) मात्र आठवणीनं टाका. सगळीकडे सारखा भार दिला की हे उचलणं झाकून जातं. मूमेंटची, म्हणजे बीम कुठे किती वाकवला जातोय त्याची, आकृती छापून मी मिस्तरीसमोरच धरतो: भाऊ, मुख्य सळई वरच्या अंगाला, खाली नाही.