फॉम्ब्लिन तेल : माशाच्या मेंदूच्या एमआरआयसाठी घ्यावे का?

झेब्राफिशचा अख्खा मेंदू साडेचार मि.मी.च्या आसपास. ५० मायक्रॉनचे काप धरले तरी लांबीत जेमतेम ९० मिळतात. अशा ठिकाणी नमुन्याभोवतीच्या द्रवात एक बुडबुडा राहिला की पुढचा घ्राणकंद चित्रातून गायब. म्हणून नमुना कशात बुडवायचा, हा प्रश्न किरकोळ नाही. आमचे मत ठामपणे फॉम्ब्लिनच्या बाजूने आहे.

एमआरआयचा सिग्नल हायड्रोजनमधून येतो; या फ्लोरिनयुक्त तेलात हायड्रोजन नाही, त्यामुळे चित्रात ते काळेभोर राहते आणि स्कॅनची चौकट डोक्याला अगदी लागून आखता येते. पाण्यात ते मिसळत नाही, म्हणून रात्रभराच्या स्कॅनमध्ये नमुना सुकत नाही. आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे ऊतींत मुरवलेले गॅडोलिनियम (चित्रातला फरक उठावदार करणारे द्रव्य) जागच्या जागी राहते. तोच नमुना साध्या पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफर द्रावणात) ठेवला, तर स्कॅन चालू असतानाच कॉन्ट्रास्ट उतरत जातो.

फ्लुओरिनर्ट एफसी-४० हा दुसरा फ्लोरिनयुक्त द्रव पातळ आहे, कल्ल्यांत पटकन शिरतो; पण लांबलेल्या स्कॅनमध्ये उडतो. शिवाय तो बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने अशा रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे २०२२ मध्येच जाहीर केले होते. त्यावर नवी पद्धत बसवू नये.

मेंदू कवटीतून काढू नका. पिट्युटरी ग्रंथी कवटीच्या तळाला चिकटून तुटते. ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पक्के केलेले डोके कल्ल्यांमागे कापा, म्हणजे हवेची पिशवी मागे राहते. मग पीबीएसमध्ये नीट धुवा, कारण उरलेले फिक्सेटिव्ह (पक्के करणारे रसायन) टी२, म्हणजे सिग्नल विरण्याचा काळ, कमी करते आणि सिग्नल पडतो. गॅडोलिनियम मुरले की वरचे पाणी टिपून घ्या आणि डोके तेलात सोडा. आतून १० मि.मी.ची नळी ४ सें.मी. भरायला साधारण ३ मि.ली. तेल लागते.

इथेच घोळ होतो. तेलाची घनता १.९च्या आसपास, म्हणून डोके बुचासारखे वर येते. वरून टेफ्लॉनचा तुकडा दाबून बसवा. त्यालाही सिग्नल नसतो. तोंड वरच्या दिशेला ठेवा, नाहीतर टाळ्याखाली हवा अडकते. निर्वात भांड्यात १०-१५ मिनिटे ठेवून नळीला टिचक्या मारा, पण पंप हळूहळू ओढा. दाब एकदम उतरवला तर ऊतींतलेच पाणी उकळते आणि होते त्याहून जास्त बुडबुडे तयार होतात.

कानातल्या खड्यांच्या काळ्या डागांवर हे तेल काही करू शकत नाही. घोळ माशाच्या डोक्यात मोठे खडे असतात. अशा जातींत मागच्या मेंदूच्या कडा जपूनच वाचाव्यात.

किंमत चांगलीच झोंबते. पण स्कॅननंतर डोके पीबीएसमध्ये हलवले की तेल तळाशी बसते. ते गाळून पुन्हा वापरता येते. अल्कोहोलने भांडी स्वच्छ निघत नाहीत, त्यासाठी फ्लोरिनयुक्त द्रावकच लागतो. हे तेल निसर्गात विघटित होत नाही, त्यामुळे शेवटचा थेंबसुद्धा सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.