नांदूर मध्यमेश्वरला गावातला गाईड घ्या आणि पक्षी मोजून या

मागच्या रविवारी आम्ही चौघं, मी, नवरा, सहावीतली लेक आणि सासूबाई, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो आणि तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पाचपैकी पाच स्टार, आणि ते पाचही तिथल्या गावच्या गाईड पोरांना.

आम्ही दोन वर्षांपूर्वीही गेलो होतो, नाशिकच्या एका टूरवाल्याबरोबर. बस पोचली साडेअकराला, ऊन डोक्यावर, पक्षी लांब पाण्यात ठिपक्यांएवढे, "फ्लेमिंगो शंभर टक्के दिसणार" म्हणून सांगितलेलं ते एकही दिसले नाहीत आणि मागच्या सीटवर स्पीकर सुरूच. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण लेक परतताना म्हणाली "पक्षी बोअर असतात", ते मला फार लागलं. फ्लेमिंगोची गॅरंटी देणाऱ्याबरोबर जाऊच नका, पक्षी कुणाच्या बुकिंगवर येत नाहीत.

या वेळी पहाटे पाचला सिडकोतून स्वतःची गाडी काढली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती घसरला ते आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो, पण निफाडची थंडी म्हणजे काय ते गाडीतून उतरल्यावर कळलं, सासूबाईंना दोन शाली गुंडाळल्या. निफाडपासून पुढे साधारण बारा किलोमीटर. गाईड तिथल्याच गावचा, विशी-बाविशीचा, खांद्यावर टेलिस्कोप. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, नुसते बघायचेत का मोजायचेत?"

मला वाटलं मोजणं हे सायंटिस्ट लोकांचं काम. तर त्याने लेकीला टेलिस्कोपसमोर उभं केलं आणि म्हणाला, तो काळा थवा दिसतोय ना, त्यातले फक्त वीस मोज, वीस पक्ष्यांनी किती जागा घेतली ते डोळ्यात धर, आता तेवढे तुकडे अख्ख्या थव्यावर किती बसतात ते बघ. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले ते पक्षी होते, त्याने नाव सांगितलं वारकरी, आणि सासूबाई एकदम पुढे सरकल्या, "अगं बाई, गंध लावलंय की सगळ्यांनी!" त्या दर वर्षी निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जातात. मग त्यांनीही मोजले, त्यांचे आले ३१०, लेकीचे २८०, गाईडचे ३४०. तिन्ही आकडे त्याने वहीत लिहिले आणि सांगितलं की नवीन माणूस नेहमी कमीच मोजतो, म्हणून दोघा-तिघांनी मोजायचं. लेकीने लगेच दुसऱ्या थव्यावर प्रॅक्टिस सुरू केली, दोन तास हलली नाही. थापट्या बदकाची ती चपटी चमच्यासारखी चोच पाण्यावर डावी-उजवी फिरताना टेलिस्कोपमधून एवढी जवळ दिसते की चोचीतून गळणारं पाणीसुद्धा दिसतं. हळदीकुंकू बदक दिसलं, चोचीवर खरंच हळद आणि कुंकू. चक्रवाकांची जोडी दिसली. कवितेतला पक्षी असा समोर बसलेला बघून मला भरून आलं, खरं सांगते.

मोजायचं कशाला हेही त्याने नीट सांगितलं. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साठला, पाणी उथळ झालं आणि चिखलातलं खाणाऱ्या पक्ष्यांना ताट वाढल्यासारखं झालं. जानेवारी २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. त्या यादीच्या निकषांपैकी एक म्हणजे जागेवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी हवेत, मग ते कुणीतरी मोजायला नकोत का? रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ जातींचा उल्लेख आहे, त्यात देवळालीचं नाव असलेला एक छोटा मासासुद्धा आहे, देवळाली मिनो, अत्यंत धोक्यात असलेला. आम्ही इतकी वर्षं नाशिकला राहतो, कुणालाच माहीत नव्हतं.

उसातल्या बिबट्याचा विषय निघाला तेव्हा त्याने 'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला तो बिबट्या २००९ मध्ये वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या टीमने तो कुठे जातो ते कळवणारी कॉलर गळ्यात लावून माळशेजला सोडला आणि तो चालत चालत पार मुंबईच्या संजय गांधी नॅशनल पार्कपर्यंत गेला. कॉलर नसती तर हे कुणाला कळलं असतं? आपल्या जिल्ह्यात नॅशनल पार्क नाही म्हणून आपण ताडोब्याचं बुकिंग शोधत बसतो, जा की ताडोब्याला, पण शाळेतल्या पोरांना विज्ञान म्हणजे काय ते दाखवायचं असेल तर आधी इथे आणा.

निघताना त्याने ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर आमची यादी टाकायला लावली, वेळ, किती चाललो, कुठला पक्षी किती. ॲप फुकट आहे. अशाच नोंदींवरून २०२३ मध्ये देशातल्या ९४२ पक्षीजातींचा अहवाल निघाला, ३०,००० हून जास्त लोकांच्या नोंदी, बहुतेक हौशी माणसं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख ३० टक्क्यांहून जास्त कमी झालाय हे त्यातच कळलं.

खर्चाचं म्हणाल तर गाईडचे पैसे धरून चौघांचा मॉलमधल्या पिक्चरपेक्षा कमी झाला. गाईडशी घासाघीस करू नका प्लीज, त्या पैशातच टेलिस्कोप चालतो आणि पोरगं गावात राहून पक्ष्यांवर लक्ष ठेवतं. सूर्योदयाला पोचा, भडक कपडे नकोत, भाकरी-ठेचा सोबत ठेवा.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्यात आमची नावं द्यायची ठरलीत. सासूबाईंनी गाईडचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतलाय, गणना त्र्यंबकच्या यात्रेच्या दिवशी येऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं.