कॉन्व्हेंटचा गणवेश शिवून देणारे तालुक्याचे दुकान

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत कॅथलिक प्राथमिक शाळेचा गणवेश या दुकानात मिळतो. मुलींचा ट्यूनिक गुडघ्याखाली हवा, शर्ट खोचलेला हवा, बूट काळेच हवेत, हे शाळेचे नियम दुकानदारांना तोंडपाठ असल्यामुळे शिवलेला कपडा शाळेतून परत येत नाही. प्रत्येक ट्यूनिकला खाली तीन बोटे दुमड सोडलेली असते, त्यामुळे मूल उंच झाले तरी तो पुढच्या वर्षी चालतो. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

जिल्हा परिषदेच्या मुलांना गणवेश मोफत मिळतो. अल्पसंख्याक शाळा मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे येथे सगळा खर्च पालकांवरच पडतो, आणि तोही नेमका पेरणीच्या दिवसांत, जेव्हा बियाणे-खतांसाठीच पैसा पुरत नाही. दुकानदार अर्धी रक्कम दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर घेतात.

तक्रार कापडाची आहे. पॉलिस्टरचे प्रमाण जास्त असलेले टेरिकॉट टिकते, पण घाम शोषत नाही; मार्चपासूनच तापणाऱ्या विदर्भात लहान मुलांना त्याने घामोळे येते. त्याच रंगाचे सुती कापड त्यांनी अवश्य ठेवावे.