हाताला आलेल्या कामाचे पैसे: नव्या प्रशिक्षण-कराराचा वापरानंतरचा अनुभव

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी प्रशिक्षणाचं काम बघते. शाफ्ट, बुश, हाउसिंग अशी आमची मशिनिंगची कामं. आम्हाला ऑनलाइन प्रशिक्षण पुरवणाऱ्या कंपनीबरोबरचा करार आम्ही बदलून घेतला. कंपनी तीच, तिचं ॲपही तेच. बदललं ते एवढंच, की पैसे कशाचे द्यायचे. आता बरेच महिने झालेत, नूतनीकरणाची बोलणीही नुकतीच झाली. असा करार करायचा विचार असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

जुना करार बहुतेक ठिकाणी असतो तसाच होता: माणशी, वर्षाला इतके रुपये. त्या बदल्यात हजारो कोर्स खुले. दर महिन्याला अहवाल यायचा, किती जणांनी लॉगिन केलं, किती कोर्स पूर्ण झाले. आकडे कमी दिसले की पुरवठादाराकडून फोन यायचा, मग लाइन लीडर शिफ्ट संपता संपता पोरांना टॅबलेटसमोर बसवायचे. 'पुढे' दाबत दाबत कोर्स पूर्ण व्हायचा. यात पोरांचा किंवा लीडरचा दोष नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तीच गोष्ट सगळे पुरवतात, आणि इथे पैसे मिळत होते ते माणसांची नावं यादीत असण्याचे.

यंत्रणाही त्याच बेताची आहे. बहुतेक कंपन्यांचे कोर्स आजही स्कॉर्म नावाच्या प्रमाणावर चालतात. त्याची सर्वांत जास्त वापरली गेलेली १.२ ही आवृत्ती २००१ सालची. त्यात शिकणाऱ्याची स्थिती सहाच प्रकारांनी नोंदवता येते: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसता चाळलेला आणि न उघडलेला. माणसाला मशीनवर ते काम जमतं का, याला त्यात जागाच नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामातली वागणूक बदलली का, आणि धंद्याला काय मिळालं. माणशी लायसन्सचा करार पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो, कारण पुढच्या दोन चढण्याचे पैसे पुरवठादाराला कुणी देतच नाही.

नव्या करारात तीन हप्ते आहेत. पहिला लहान, आणि तो ठरलेला: आमच्या मशीनवर येऊन काम समजून घेणं, साहित्य तयार करणं. दुसरा हप्ता माणूस ते काम एकट्याने करू लागला की. तिसरा त्यानंतर तीन महिन्यांनी, तोच माणूस तेच काम त्याच दर्जाने करत असेल तर. मोजमाप आमच्या स्किल मॅट्रिक्सवर. सुट्या भागांच्या कारखान्यांत काम केलेल्यांना तो तक्ता माहीत असेल, चार भागांचं वर्तुळ असतं आणि माणूस शिकेल तसा एकेक भाग भरत जातो. लेव्हल १ म्हणजे माहिती आहे, २ म्हणजे देखरेखीखाली करतो, ३ म्हणजे स्वतंत्रपणे करतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. दुसरा हप्ता लेव्हल ३ ला जोडला.

परिणाम पहिल्या महिन्यातच दिसला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पुरवठादाराची माणसं रात्रपाळीला शॉप फ्लोअरवर उभी राहिली. आधी ती मीटिंग रूमच्या पुढे कधी आली नव्हती. रिजेक्शन कुठे होतंय हे त्यांनी स्वतः क्वालिटीच्या नोंदींतून काढलं. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या लेथवर, नवीन मुलांच्या हातून सर्वांत जास्त माल बाद होत होता तो ऑफसेट, म्हणजे माप दुरुस्त करायला मशीनमध्ये टाकायचा आकडा, चुकल्यामुळे. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू मोठा येऊ लागतो, तेव्हा एक्स अक्षाच्या (म्हणजे व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, झिजेची भरपाई करणाऱ्या आकड्यात, उणे आकडा टाकायचा असतो. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, उलट असतं: झिजेबरोबर तो लहान येतो, म्हणून अधिक टाकायचा. ०.०२ मिलिमीटरने मोठा येणाऱ्या व्यासाला चुकून अधिक ०.०२ दिलं की पुढचा भाग ०.०४ ने मोठा. मायक्रोमीटर नीट लावता येणारी, आयटीआय झालेली मुलंही इथे गोंधळतात, कारण त्यांनी नियम पाठ केलेला असतो आणि रात्री तीन वाजता पाठांतर आठवत नाही.

जुन्या कोर्समध्ये याच विषयावर लांबलचक इंग्रजी व्हिडिओ होता, परदेशी मशीनवर चित्रित केलेला. नव्या करारात पुरवठादाराने आमच्याच लेथवर, मशीन लावून देणाऱ्या आमच्याच सेटरला घेऊन दोन-तीन मिनिटांच्या फिती केल्या, मराठीत आणि हिंदीत. फोन आत नेता येत नाही, म्हणून मशीनशेजारी टॅबलेट ठेवला. क्यूआर कोड दाखवला की त्या मशीनचीच फीत उघडते. त्यानंतर डोजोमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, बाद झालेले भाग समोर ठेवून मुलाने मोजायचं, कुठल्या दिशेला किती ऑफसेट द्यायचा ते बोलून दाखवायचं आणि का ते सांगायचं. मग लाइनवर सेटरच्या शेजारी. काही आठवड्यांनी एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, बोअर लहान येतोय, म्हणजे इन्सर्ट गेलाय. प्लस देतो, पण आधी इन्सर्ट बघतो." आधी इन्सर्ट बघतो हे त्याला फितीत कुणी सांगितलं नव्हतं. कारण समजलं होतं, म्हणून ते त्याचं त्याला सुचलं.

ही पद्धत काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत १९४० ते १९४५ दरम्यान 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला. कारखान्यातल्या मुकादमांना शिकवायचं कसं, हे त्यात चार पायऱ्यांत शिकवत: माणसाची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो मुरवून घेतला. त्या मुकादमांच्या खिशातल्या कार्डावर एक वाक्य छापलेलं असे: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आमच्या कराराने ते वाक्य बिलात आणलं, असं मला मनापासून वाटतं.

आता त्रासाचं. पहिली अडचण स्किल मॅट्रिक्सचीच. पुरवठादाराला लेव्हल ३ हवी, कारण हप्ता. लाइन लीडरलाही हवी, कारण मशीनवर उभं करायला माणूस हवा. दोघांचाही कल एकाच दिशेला असल्यावर वर्तुळं भराभर काळी होऊ लागली. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. मूल्यमापन दुसऱ्या लाइनच्या क्वालिटी इन्स्पेक्टरकडे दिलं आणि परीक्षेला आधीच मोजून ठेवलेले, मुद्दाम चुकीच्या मापाचे भाग मिसळले. हे कलम करारात पहिल्या दिवसापासून घाला. नंतर घालायला गेलात तर पुरवठादाराला तो अविश्वास वाटतो आणि संबंध ताणतात.

दुसरी अडचण, कुणाला शिकवायचं. निकालावर पैसे असले की सोपी माणसं आधी निवडली जातात. आयटीआयची मुलं लवकर तयार होतात, दहावी नापास होऊन आलेल्या मुलाला वेळ लागतो, आणि खरी गरज त्यालाच असते. म्हणून यादी आम्ही ठरवतो, पुरवठादार नाही, आणि अवघड नावांना दर जास्त ठेवलाय.

तिसरी अडचण अजून सुटलेली नाही. आमचे बरेच कामगार ठेकेदाराकडून येतात. शिकवलेला माणूस तीन महिन्यांच्या आत गेला तर तिसऱ्या हप्त्याचं काय? पुरवठादार म्हणतो, तो गेला हा त्याच्या शिकवण्याचा दोष नाही. त्याचं बरोबर आहे. पण मागे राहिलेलं कौशल्य आमच्याकडेही नाही, मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे? सध्या तो हप्ता अर्धा-अर्धा वाटून घेतो. दोन्ही बाजू नाराज आहेत.

लेखा विभागाचा विरोध मात्र मी धरला होता त्याहून कमी निघाला. खरेदी आदेशात वरची मर्यादा लिहिली आणि प्रश्न मिटला.

निकालावर पैसे हा विचार सरकारी योजनांतही आहे आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे २०१५ च्या कॉमन नॉर्म्समध्ये, म्हणजे सरकारी कौशल्य योजनांसाठीच्या समान नियमांत, कौशल्य प्रशिक्षण संस्थांना ३० टक्के रक्कम बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि २० टक्के नोकरी लागण्याच्या निकालावर, अशी विभागणी होती. सर्वांत मोठा हिस्सा प्रमाणपत्राला जोडला की सगळी धडपड प्रमाणपत्रापाशी येऊन थांबते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्किल इम्पॅक्ट बाँडमध्ये नोकरीत टिकण्यालाही पैसे जोडले गेले, ती दिशा मला जास्त योग्य वाटते. आमच्या करारात तिसरा हप्ता मोठा ठेवण्याचा आग्रह मी याच कारणाने धरला.

सगळंच या पद्धतीत नेऊ नका. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा, आगीपासून सुरक्षितता, नव्या माणसाची ओळख, हे आम्ही अजून माणशी दरानेच घेतो. तिथे प्रत्येकापर्यंत माहिती पोचली याची नोंद लागते आणि ती स्वस्तात होते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणाच्या ऑडिटला प्रशिक्षणाच्या नोंदी लागतात हे खरं, पण त्याच प्रमाणाचं ७.२.२ हे कलम प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाबद्दल आहे. मूल्यमापनाचे बाद-भागांचे तक्ते ऑडिटरसमोर ठेवताना माझा हात कधी अडखळला नाही.

खर्चाचं स्पष्ट सांगते. माणशी खर्च वाढला. शिकणाऱ्यांची संख्या कमी झाली. सेटरचा वेळ हा सर्वांत मोठा छुपा खर्च आहे. शिकवताना त्याचं उत्पादन घटतं, म्हणून त्याच्या इन्सेंटिव्हमधून ते वजा होणार नाही अशी तजवीज आधी करा, नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्याने का शिकवावं? पुरवठादाराला मिळणाऱ्या हप्त्यातला काही भाग सेटरला मिळावा अशी मागणी मी यंदा लेखी दिली आहे.

नूतनीकरणात मशिनिंग आणि असेंब्लीसाठी हाच करार पुढे चालू ठेवला. लाइन लीडरच्या नेतृत्व-प्रशिक्षणाला तो लावायचा पुरवठादाराचा प्रस्ताव मात्र नाकारला, कारण तिथे लेव्हल ३ म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कागदावर लिहिता आलं नाही. ज्या कामाचा चांगला आणि बाद भाग शेजारी ठेवून दाखवता येतो, त्या कामापासून सुरुवात करा. हजारभर माणसांचा कारखाना असेल तर एकाच लाइनवर, आणि क्वालिटीच्या प्रमुखांना पहिल्या बैठकीपासून सोबत घेऊन.